लाइनच्या गाडीवर नव्याने लागताय? मालकाशी हिशोब चोख ठेवायचा तो असा

छोट्या टेम्पोवरून किंवा क्लीनरकी करून लाइनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर आलेल्या ड्रायव्हरचं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच मालकाशी वाजतं. कारण गाडी चालवण्यात क्वचितच असतं. भांडण होतं ते पैशांवरून. डिझेल जास्त गेलं, दोन गोण्या कमी उतरल्या, कुठल्या तरी कॅमेऱ्याचं चलान आलं, टायर फुटला, आणि सगळं पगारातून कापलं. ड्रायव्हरला ते पटत नाही, पण दाखवायला हातात काहीच नसतं. मग मुनीमाच्या वहीतला आकडा खरा धरला जातो.

दुसऱ्याच्या मालकीच्या दहा, बारा किंवा चौदा चाकी गाडीवर पहिल्यांदा नोकरी धरणाऱ्यासाठी हे लिहिलं आहे. चाक फिरण्याआधी काय ठरवायचं, रस्त्यात काय लिहून ठेवायचं आणि पैसे अडले तर कुठे जायचं, त्या क्रमाने वाचा.

आधी हे जवळ ठेवा

- हेवी ट्रान्सपोर्टची नोंद असलेला चालू मुदतीचा परवाना. व्यावसायिक परवान्याची मुदत ५ वर्षांची असते, घरून निघताना तारीख बघा. गॅस, पेट्रोल, ॲसिडचा टँकर धरणार असाल तर धोकादायक मालाची वेगळी नोंद परवान्यावर हवीच.
- मोबाइलमध्ये डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲप. त्यातला परवाना आणि आरसी कायद्याने मूळ कागदाइतकेच चालतात.
- आधार, पॅन आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं. मित्राच्या खात्यावर पगार घेऊ नका. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तो पगार तुमचाच होता हे सिद्ध करता येत नाही.
- ई-श्रम कार्ड.
- दोनशे पानी बांधीव वही. सुटे कागद नकोत, वहीच हवी.
- पावत्यांसाठी चेन असलेली प्लास्टिकची फाइल, टायरची हवा मोजायचा गेज, टॉर्च.

### १. गाडी धरण्याआधी सहा गोष्टी तोंडावर विचारा

पगार किती, एवढंच विचारून नवा माणूस गाडीवर चढतो, आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात. विचारायच्या गोष्टी सहा:

१) पैसे कशावर? महिन्याचा बांधील पगार, किलोमीटरवर की ट्रिपवर? किलोमीटरवर असेल तर रिकाम्या गाडीचे किलोमीटर धरणार का? आणि ते गाडीच्या मीटरचे, जीपीएसचे की नकाशावरचे? या तिन्हींत फरक पडतोच.

२) रोजचा भत्ता किती, आणि गाडी उभी असलेल्या दिवसाचा मिळणार का?

३) क्लीनर आहे का? नसेल तर ताडपत्री, दोर आणि रात्रीची राखण तुमच्याकडेच येते. त्याचे जास्तीचे पैसे आधीच ठरवून घ्या.

४) डिझेलचा ॲव्हरेज किती धरणार? भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा वेगळा धरणार का?

५) हमाली, वाराई (माल उतरवून घेणाऱ्या ठिकाणी मागतात ते पैसे), पार्किंग, वजनकाटा, पंक्चर, युरिया (धूर साफ करण्यासाठी गाडीत भरतात तो) यांतलं मालक काय देणार?

६) घरी कधी सोडणार? "बघू, लोड कमी झाला की" हे उत्तर धरू नका. किती दिवसांनी आणि किती दिवस, ते आकड्यात घ्या.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मालकाला किंवा मुनीमाला व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका: "शेठ, आज बोलल्याप्रमाणे पगार इतका, भत्ता रोज इतका, उभ्या गाडीचाही भत्ता, ॲव्हरेज भरलेली इतका, रिकामी इतका, सुट्टी ३० दिवसांनी ५ दिवस. उद्या गाडीवर येतो." त्यावर "हो" आलं की झालं. उत्तर आलंच नाही तरी तुमच्याकडे तारखेसह नोंद राहते. मालकाला राग येईल म्हणून पुष्कळ जण हे टाळतात. सरळ व्यवहार करणाऱ्या मालकाला याने काही फरक पडत नाही. ज्याला पडतो, त्याच्या गाडीवर न चढलेलं बरं.

दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाने नेमणूकपत्र देणं २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार बंधनकारक आहे. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडून ते मिळणं अवघड. तिथे वरचा मेसेज हाच तुमचा कागद.

### २. मूळ परवाना आणि कोरी सही देऊ नका

"लायसन ऑफिसात जमा करा, गाडी सोडताना परत मिळेल" असं काही ठिकाणी सांगतात. गाडी सोडून जाऊ नये म्हणून ही अडवणूक असते. परवाना तुमच्या नावाचा आहे, त्याची झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका. रस्त्यात पोलिसांनी किंवा आरटीओने परवाना ताब्यात घेतला तर त्याची पोच द्यावी लागते. मालकाच्या टेबलाच्या खणात गेलेल्या परवान्याची पोच कोण देणार?

कोऱ्या स्टँप पेपरवर, कोऱ्या चेकवर, रक्कम न लिहिलेल्या व्हाउचरवर सही करू नका. घरच्या अडचणीसाठी उचल घेतली तर रक्कम अक्षरात आणि आकड्यात लिहा, दर महिन्याला किती कापायचे तेही लिहा, आणि सही केलेल्या कागदाचा फोटो तिथल्या तिथे काढा.

### ३. गाडी ताब्यात घेताना अर्धा तास काढा

आधीच्या ड्रायव्हरने केलेलं नुकसान तुमच्या नावावर पडतं ते या अर्ध्या तासाच्या आळसामुळे. किल्ली हातात आली की:

गाडीभोवती फिरून एक सलग व्हिडिओ काढा. बंपर, आरसे, टेललाइट, फाळके, डिझेल टाकीचं झाकण, बॅटरीची पेटी, सगळं त्यात येऊ द्या. मीटरवरचे किलोमीटर आणि डिझेलचा काटा शेवटी घ्या.

टायरवर वेळ घालवा, कारण गाडीवरची सगळ्यात महागडी सुटी वस्तू तीच. प्रत्येक टायरच्या बाजूला ठसा मारलेला नंबर असतो. दहा चाकीला स्टेपनी धरून अकरा. अकराही नंबर वहीत लिहा. पुढे "चांगला टायर बदलून जुना टाकला" असा आरोप आला तर तेवढं एक पान पुरतं. रबराच्या खाचेत टीडब्ल्यूआयची (टायर किती झिजला ते दाखवणारी) बारीक उंचवट्याची खूण असते. घासून रबर त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं असेल तर टायर संपला. फोटो काढून मालकाला पाठवा आणि लिहा, "मागचा डावा आतला टायर संपलाय, बदलून द्या." जोडचाकातला आतला टायर वाकून, टॉर्च मारून बघा. बहुतेक वेळा गुळगुळीत टायर तिथेच दडवलेला असतो.

हवा थंड टायरवरच मोजा, गाडी पळण्याआधी. मोठ्या ट्रकच्या रेडियल टायरला साधारण ११० ते १३० पीएसआय लागतं. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. गरम टायरमध्ये दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी पडते, कमी हवेवर टायरची बाजू सतत दबते, तापते आणि फुटते. समृद्धी महामार्गासारख्या सरळ काँक्रीटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात हे फार लवकर होतं.

मग कागद. आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी आणि रोड टॅक्स, प्रत्येकाची शेवटची तारीख स्वतः वाचा. विमा संपलेली गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती चालवणाऱ्यालाही लागू आहे. परमिटचा भंग असेल तर दंड १०,००० रुपये. "कागद होतील, तू चल" याला साफ नाही म्हणा.

विम्याच्या कागदावर आणखी एक ओळ शोधा. मालकाच्या नावाने १५ लाखांचं अपघाती संरक्षण लिहिलेलं दिसतं. ते गाडीमालकासाठी असतं, पगारी ड्रायव्हरसाठी नाही. तुमच्यासाठी "लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर" ही ओळ आणि तिच्यासमोर भरलेला हप्ता हवा. याशिवाय स्वतःच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेऊन ठेवा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं.

गाडी १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेली असेल तर केबिनला एसी असणं बंधनकारक आहे. जुन्या गाडीला ही अट नाही, तिथे निदान पंखा चालू आहे का बघा.

### ४. खर्ची आणि वही

ट्रिपला निघताना रस्त्यातल्या खर्चासाठी मालक देतो ती खर्ची. घरखर्चासाठी पगारातून आगाऊ घेता ती उचल. बहुतेक तक्रारी या दोन रकमा एकमेकींत मिसळल्याने होतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच खात्यावर आल्या तर महिनाअखेर सगळ्यालाच उचल म्हटलं जातं. म्हणून पैसे आले की लगेच मेसेज करा: "१२,००० आले, खर्ची. ३,००० आले, उचल."

वहीत एका ट्रिपला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर तारीख, कुठून कुठे, बिल्टी (मालाची ट्रान्सपोर्ट पावती) नंबर, निघतानाचे आणि पोहोचतानाचे किलोमीटर, काट्याचं वजन, डिझेल. उजव्या पानावर पैसे. भिवंडी ते नागपूर आणि परत अशा पाच दिवसांच्या ट्रिपचं उजवं पान समजा असं:

खर्ची मिळाली – १२,०००
वाराई आणि हमाली – १,८००
युरिया, २० लिटरची बादली – १,४००
पंक्चर, मागचा उजवा बाहेरचा – ४००
ताडपत्रीचा दोर – ३५०
काटा, दोनदा – ३००
पार्किंग – ३००
भत्ता, ५ दिवस × ६०० – ३,०००
एकूण खर्च – ७,५५०
शिल्लक – ४,४५०

गाडी ठाण्यावर, म्हणजे मालकाच्या अड्ड्यावर आली की झोपायच्या आधी हे पान मुनीमासमोर ठेवा आणि शिल्लक ४,४५० परत देऊन किंवा पुढच्या ट्रिपच्या खर्चीत धरून त्याची सही घ्या. सही देत नसेल तर पानाचा फोटो मालकाला पाठवा. "महिन्याच्या शेवटी एकदम करू" हे ऐकू नका. चार ट्रिपा झाल्या की वाराईचे १,८०० कोणत्या गोदामात गेले हे तुम्हालाही आठवत नाही, आणि शेवटी ते तुमच्याच खिशातून जातात.

वाराईबद्दल थोडं. माल उतरवून घेणाऱ्या ठिकाणी ड्रायव्हरकडून रोख मागतात आणि पावती देत नाहीत. पैसे देण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करा, "इथे इतके मागतायत, देऊ का?" आणि होकार मेसेजवर घ्या. जमेल तिथे यूपीआयने द्या, त्याची नोंद आपोआप राहते. पावती नसलेला प्रत्येक खर्च वहीत वेगळ्या शाईने लिहा. पोलिसांच्या किंवा नाक्यावरच्या "एंट्री"चे पैसे मालक पुढे हिशोबात धरतीलच असं नाही, म्हणून अशी मागणी झाली की तिथूनच मालकाला फोन लावून द्या.

### ५. डिझेल: सगळ्यात जास्त कापाकापी इथे होते

मालक म्हणतो ॲव्हरेज ४.६ यायला हवा. तुमचा येतो ४.१. फरकाचं डिझेल तुम्ही विकलं असं धरून पगार कापला जातो. विकलं नसेल तर फरक कुठून आला, हे तुम्हाला आकड्यांनी दाखवता आलं पाहिजे.

ॲव्हरेज वजनावर चालतो. समजा एका बाजूचं अंतर ७१० किलोमीटर. जाताना भरलेली गाडी लिटरला ४ देते, म्हणजे १७७.५ लिटर. येताना रिकामी ५.५ देते, म्हणजे १२९ लिटर. १,४२० किलोमीटरला ३०६.५ लिटर, ॲव्हरेज ४.६. आता त्याच गाडीला परतीचं १५ टन भाडं मिळालं. येताना ती ४.२ देते, म्हणजे १६९ लिटर. एकूण ३४६.५ लिटर आणि ॲव्हरेज ४.१. ड्रायव्हर तोच, रस्ता तोच. मालकाने मात्र सरसकट ४.६ धरला तर त्याच्या हिशोबाने ३०८.७ लिटर लागायला हवं होतं. फरक जवळजवळ ३८ लिटर. ९० रुपये लिटर धरलं तरी ३,४०० रुपये तुमच्या पगारातून गेले, आणि परतीच्या भाड्याची कमाई मालकाकडे गेली.

म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा ॲव्हरेज वेगळा ठरवून घ्या. नवीन गाडीवर पहिल्या दोन ट्रिपा "बघायच्या" म्हणून मागा, त्यात कपात नको. दोन्ही ट्रिपांचा सरासरी आकडा निघेल तो पुढे धरायचा. समंजस मालक याला तयार होतात.

मोजायची पद्धत एकच खरी, टाकी फुल ते टाकी फुल. निघताना टाकी तोंडापर्यंत भरा, किलोमीटर लिहा. परतल्यावर त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, सपाट जागी पुन्हा तोंडापर्यंत भरा. दुसऱ्या वेळी जितकं मावलं तितकं ट्रिपला लागलं. गाडी एका बाजूला कलती उभी असेल तर टाकीच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि भरणा कमी दिसतो. डिझेलला फेसही येतो. नोझल पहिल्यांदा कटकन बंद झालं म्हणजे टाकी भरली असं नाही. दोन मिनिटं थांबा, फेस खाली बसू द्या, मग हळूहळू वर आणा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर कधी हिशोब करू नका.

भरणा सुरू होण्याआधी मशिनवर शून्य बघा, बिलावर गाडी नंबर छापून घ्या, बिलाच्या मागे मीटरचे किलोमीटर लिहा. फ्लीट कार्डाचा (मालकाने दिलेल्या डिझेल कार्डाचा) पिन पंपावरच्या पोराला सांगू नका. गाडी सोडाल तेव्हा कार्ड परत केल्याचा फोटो ठेवा.

ॲव्हरेज पडायची बाकीची कारणंही वहीत लिहीत जा: घाटाचा रस्ता, गोदामाबाहेर इंजिन चालू ठेवून काढलेली रांग (मोठं इंजिन उभ्या जागी तासाला दीड-दोन लिटर खातं), कमी हवा, चोक झालेला एअर फिल्टर, चिकटणारा ब्रेक. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर ब्रेक चिकटतोय. जेवायला थांबलात की चाकाच्या हबजवळ हात नेऊन बघायची सवय लावा. हात न लावता, जवळ नेला तरी धग कळते.

बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीला युरियाही लागतो, डिझेलच्या साधारण ३ ते ५ टक्के. तो संपू दिला तर इंजिनाची ताकद आपोआप कमी होते आणि गाडी घाटात रडते. "पुढच्या ठाण्यावर भरू" म्हणणाऱ्या मालकाला डॅशबोर्डचा फोटो पाठवा. पाणी घालून वेळ मारून नेऊ नका. सेन्सर बिघडला तर खर्च तुमच्यावर येतो.

### ६. माल भरताना: वजन, गोण्या, ई-वे बिल

आरसीवर गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं, गाडी आणि माल धरून. २०१८ मध्ये ही मर्यादा वाढवली. दोन आसांच्या सहा चाकीला १८.५ टन आणि तीन आसांच्या दहा चाकीला २८.५ टन. तुमच्या आरसीवर जो आकडा आहे तोच धरा. भरून निघालात की लगेच काटा करा. जास्त भरलं असेल तर तिथूनच माघारी फिरता येतं, पन्नास किलोमीटर गेल्यावर कोणी उतरवून घेत नाही.

ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,००० आणि माल उतरवायचा खर्च. तीन टन जास्त म्हणजे २६,०००. तो ड्रायव्हरने भरायचा असं सांगतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ मध्ये स्पष्ट आहे की चालक हा मालक नसेल तर ओव्हरलोड मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असं न्यायालय धरू शकतं. काट्याची पावती मिळताच मालकाला फोटो पाठवा आणि विचारा, "एकूण ३१ टन ४०० किलो झालंय, कमी करू का?" त्याने "चल" लिहिलं तर जबाबदारी त्याची, हे त्यालाही कळतं. जास्त भरलेल्या गाडीचे ब्रेक उतारावर कमी पडतात. दंड कोणीही भरला तरी घाटात केबिनमध्ये तुम्हीच बसलेले असता. शक्यतो निघूच नका.

गोण्या किंवा खोकी स्वतः मोजून घ्या, दहाच्या थप्प्यांत. कंपनी मोजू देत नसेल आणि सील मारून देत असेल तर बिल्टीवर लिहून घ्या, "सीलबंद माल, चालकाने मोजलेला नाही", आणि सीलचा नंबर वाचता येईल असा फोटो काढा. उतरवताना सील तुमच्यासमोर, फोटो काढूनच तोडू द्या. पोहोचच्या (माल मिळाल्याच्या) कागदावर "२ कमी" किंवा "भिजलेला" असा शेरा आला तर सही करण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करा आणि तुमचं म्हणणं त्याच कागदावर लिहा. मूळ पोहोच हरवू देऊ नका. ती नसेल तर मालकाचं उरलेलं भाडं अडतं, आणि त्याच्याबरोबर तुमचा पगारही.

ई-वे बिलाची (जीएसटीसाठी मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) मुदत साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. पहिला दिवस बिल निघालेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. गाडी बिघडली, रस्ता बंद झाला, की बिल संपतं आणि जीएसटीवाले गाडी अडवतात. मुदत वाढवता येते, पण ती संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढ्यातच. ते काम ट्रान्सपोर्ट ऑफिसचं, पण आठवण तुम्हालाच करावी लागते. गाडी बदलली तर बिलावर नवा गाडी नंबर चढलाय का बघा.

### ७. "सकाळपर्यंत पोहोचायलाच पाहिजे"

यावर मालकाशी फोनवर वाद घालू नका, आकडे सांगा. समृद्धीने भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूर ७०१ किलोमीटर. भरलेली गाडी थांबे धरून ताशी ५० पडली तर १४ तास. जुन्या रस्त्याने त्याहून कितीतरी जास्त. कामाचे तास कायद्याने दिवसाला ८, त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम. एकट्या ड्रायव्हरने ही गाडी एका दमात काढणं म्हणजे पहाटे तीन ते पाचच्या वेळेत डोळा लागणं. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर लागायचे. ती अट २०१८ मध्ये काढली, तेव्हापासून हा दबाव एकट्यावर आला आहे.

माल भरून झाला की लगेच पोहोचायची खरी वेळ मेसेज करा: "संध्याकाळी ७ ला निघतो, रात्री १ ते ६ थांबणार, उद्या संध्याकाळी ५ पर्यंत नागपूर." आधी सांगितलेल्या वेळेला उशीर म्हणत नाहीत. समृद्धीने जायचं की जुन्या रस्त्याने, हेही तेव्हाच लिहून घ्या. टोल वाचवायला जुन्या रस्त्याने पाठवायचं आणि वेळ समृद्धीची मागायची, असा प्रकार नेहमी होतो.

### ८. उभी गाडी

गोदामात दोन-तीन दिवस गाडी खाली होत नाही. ट्रान्सपोर्टवाला मालकाला हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचे पैसे) देतो, ड्रायव्हरला मात्र भत्ताही मिळत नाही. गेटवर पोहोचताच आत जायची चिठ्ठी घ्या किंवा फाटकाच्या पाटीसकट गाडीचा फोटो काढा. पोहोचच्या कागदावर गाडी आल्याची आणि खाली झाल्याची, दोन्ही वेळा लिहून घ्या. मालकालाही हॉल्टिंग मिळवायला हाच पुरावा लागतो, त्यामुळे तुमची बाजू आपोआप भक्कम होते.

### ९. चलान आणि टोल

कॅमेऱ्याचं चलान मालकाच्या मोबाइलवर येतं, कधी खूप उशिरा. कापण्याआधी चलानाची प्रत मागा. त्यावर तारीख, वेळ, ठिकाण आणि फोटो असतो. वहीच्या डाव्या पानाशी ताडून बघा. तुम्ही गाडीवर लागण्याआधीचं असेल तर ते तुमचं नाही. वेगाचं, सिग्नलचं चलान तुमचं असेल तर भरा. फिटनेस, विमा, पीयूसी, रिफ्लेक्टरचं चलान मालकाचं.

फास्टॅगमध्ये पैसे नसले तर टोल जास्त पडतो, राष्ट्रीय महामार्गावर यूपीआयने भरला तर सव्वापट. निघताना शिल्लक विचारा. मालकाच्या चुकीने भरलेला जादा टोल पावती जोडून खर्चीत लिहा.

### १०. बिघाड आणि अपघात

गाडी बंद पडली तर आधी त्रिकोण आणि इंडिकेटर, मग मालकाला फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा. मेकॅनिकने काढलेला जुना भाग टाकून देऊ नका, गोणीत घालून परत आणा. "काही बिघडलंच नव्हतं" म्हणणाऱ्यापुढे जळालेली क्लचप्लेट ठेवली की बोलणं संपतं.

अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोहोचवणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही चालकाची कायद्याने जबाबदारी आहे. जमाव मारायला उठला तर जवळच्या पोलीस चौकीत जा, ११२ लावा, पण गायब होऊ नका. "पळून ये, बाकी मी बघतो" असं मालकाने सांगितलं तरी ऐकू नका, गुन्हा तुमच्या नावावर लागतो. तुम्ही जखमी झालात तर केस पेपर, डिस्चार्ज कार्ड आणि एफआयआरची प्रत सांभाळा. ट्रिपवर असताना झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाकडून मिळते, आणि तिसऱ्या मुद्द्यातली विम्याची ओळ त्यासाठीच आहे.

### ११. पगार अडला किंवा गाडी सोडायची असेल

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि नोकरी सोडल्यावर उरलेले पैसे कामाच्या दोन दिवसांत द्यायचे, असं वेतन संहिता सांगते. एका महिन्यात सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही. माल किंवा पैसे हरवल्याबद्दल कापायचं तर ते थेट तुमच्या हलगर्जीने झालं पाहिजे, आणि आधी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. फुटलेला जुना टायर या व्याख्येत बसत नाही.

रागाच्या भरात भरलेली गाडी रस्त्यात सोडून घरी जाऊ नका. मालाची पोलीस तक्रार होते आणि तुमची खरी बाजूही पडते. गाडी ठाण्यावर आणा, खाली करा, पहिल्या दिवशीसारखा व्हिडिओ काढा, किल्ली, कागद, फ्लीट कार्ड, जॅक, पाने, ताडपत्री यांची यादी करून सही घ्या. मग शेवटचा हिशोब लेखी मागा.

पैसे आले नाहीत तर आठ दिवसांची मुदत देणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केलं, ठरलेला पगार, मिळालेले पैसे आणि बाकी एवढंच लिहा, शिव्या-धमक्या नकोत. त्यानंतर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, तुमचं नाव असलेल्या बिल्ट्या आणि पोहोच. बिल्टीवर चालकाचं नाव आणि परवाना नंबर असतो, तुम्ही त्या गाडीवर होतात याचा तो उत्तम पुरावा. म्हणून प्रत्येक बिल्टीचा फोटो ठेवा, ट्रिप संपली म्हणून पुसू नका. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि नोंदणीकृत कामगार संघटनेचा माणूस तुमच्या वतीने उभा राहू शकतो.

पहिल्या ट्रिपला निघायच्या आदल्या संध्याकाळी वहीची पहिली दोन पानं आखून ठेवा, अकरा टायरचे नंबर उतरवा आणि मालकाला तो पहिला मेसेज पाठवा.